बेटाची सरपंच, गेशेची मुलगी

स्यूडरहोल्म बेटावर सप्टेंबर येतो तो आधी गवताच्या रंगात. उन्हाळी पाहुण्यांची शेवटची बोट निघून गेली की लग्नघर रिकामं व्हावं तसं बेट थोडा वेळ सुन्न पडून राहतं, आणि मग हळूहळू वाऱ्याशी, मेंढ्यांशी, स्वतःशी पुन्हा बोलू लागतं. त्या सप्टेंबरात मात्र बेट एकाच गोष्टीविषयी बोलत होतं: आल्टवार्फ्ट राहणार की जाणार. आणि जिच्या एका मतावर ते ठरणार होतं ती कुमुदिनी लोरेन्झेन, बेटाची ब्युर्गरमाइस्टरिन, म्हणजे सरपंच, दुपारच्या बोटीच्या वेळी धक्क्यावर उभी राहून आपल्या धाकट्या भावाची वाट पाहत होती.

शशिधर हॅनोव्हरहून आला होता. पाठीवर पिशवी, हातात भाजणीचा डबा, आणि बोटीतून उतरताना चेहऱ्यावर समुद्राबद्दलचा जुना अविश्वास.

"काय हो सरपंचबाई! बहीण एवढी मोठी पुढारी, आणि स्वागताला बँड नाही, हार नाही?"

"बँड आहे की. ऐक." ती म्हणाली. बांधावरच्या मेंढ्या ओरडत होत्या.

"ह्या तुझ्या पक्षाच्या का?"

"ह्या कुणाच्याच नाहीत. म्हणून तर सुखी आहेत."

तो हसला, तीही हसली. पण तिचं हसू डोळ्यांपर्यंत चढलं नाही, आणि शशिधरच्या ते ध्यानात आलं. तिने फोनवर नुसतं म्हटलं होतं, "शुक्रवारी सभा आहे. येशील का?" आयुष्यात कधी कुणाला ये न म्हणणारी ताई बोलावते आहे, एवढ्यावरच तो निघून आला होता.

उत्तर समुद्राच्या त्या भागात पूर्वजांनी टोपल्या-टोपल्यांनी माती वाहून टेकाडं रचली आणि त्यांवर घरं बांधली. हिवाळी तुफानात भरती चढते, कुरणं बुडतात, रस्ते बुडतात, आणि राखाडी पाण्यात ही टेकाडं तेवढी वर राहतात. त्यांना वार्फ्ट म्हणतात. आल्टवार्फ्ट त्यांतली सगळ्यांत जुनी, पूर्वेच्या टोकाची, आणि आता सगळ्यांत ठेंगणी. कारण समुद्र दरवर्षी थोडा थोडा चढत होता आणि टेकाड दरवर्षी थोडं थोडं खचत होतं. तिच्यावर तीन घरं. एक रिकामं, एकात मोम्मे नावाचा तरुण मेंढपाळ, त्याची बायको आणि तान्हं मूल, आणि तिसऱ्यात अठ्ठ्याऐंशी वर्षांची गेशे, जी त्याच घरात जन्मली होती आणि त्याच घरात मरायचं तिने ठरवून टाकलं होतं.

राज्य सरकारने कळवलं होतं, टेकाड उंच करायचं तर बराचसा खर्च आम्ही देतो, उरलेला बेटाने उचलावा, आणि तसा ठराव महिनाअखेरीपर्यंत करावा. ठराव झाला नाही, तर आल्टवार्फ्ट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मोकळी करावी लागेल. सभेत नऊ जण. चार टेकाडाच्या बाजूचे, चार विरुद्ध. नववी कुमुदिनी. ती कुठल्या बाजूची हे बेटावरच्या शेळ्यामेंढ्यांनाही ठाऊक होतं.

मिरजेच्या एका नर्सला उत्तर समुद्रातल्या बेटावर बारा वर्षं राज्य करता येईल, असं कुणी तिच्या लग्नात म्हटलं असतं तर मांडवात हशा पिकला असता. ती आली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. नवरा हार्के लोरेन्झेन बोटीवर इंजिन सांभाळायचा, आणि बेटावर डॉक्टर आठवड्यातून एकदाच यायचा, तेही समुद्राने येऊ दिलं तर. त्यामुळे कुमुदिनी घराघरांत पोचली ती मलमपट्ट्या घेऊन. कुणाच्या पायाची जखम चिघळली आहे, कुणाचा नवरा पिऊन पडतो, कुणाची सून रडते, हे सारं तिला कळायचं आणि तिच्यापाशीच राहायचं. पुढे बेटाची शाळा चार मुलं उरली म्हणून बंद होणार असं ठरलं, तेव्हा ती पहिल्यांदा सभेत उभी राहून बोलली. तिचं जर्मन तेव्हा अडखळत होतं. शाळा मात्र राहिली.

सभेत निवडून आलेली ती पहिली स्त्री. पहिल्याच बैठकीत टेबलावर कॉफीची किटली आली आणि आठ पुरुष सवयीने तिच्याकडे बघत थांबले. कुमुदिनीने किटली उचलली, आपल्या कपात कॉफी ओतली आणि किटली शेजारच्याकडे सरकवली. ही गोष्ट बेटावर पुढे इतक्या वेळा सांगितली गेली की त्या दिवशी हजर नसलेल्यांनाही ती आठवत असे. त्यानंतर काही वर्षांनी सभेने तिला ब्युर्गरमाइस्टरिन निवडलं: पहिली स्त्री, आणि समुद्रापलीकडे जन्मलेली पहिलीच. त्या पदावर बसल्यावर तिने एक रीत पाडली. तिच्या आधीच्या माणसाच्या काळात बोटीचं कंत्राट त्याच्याच भावाला गेलं होतं, आणि सगळ्यांना माहीत असून कुणी तोंड उघडलं नव्हतं. कायदा तर होताच, की ज्याचा किंवा ज्याच्या नात्याच्या माणसाचा एखाद्या विषयात लाभ आहे, त्याने त्या विषयापुरतं सभेबाहेर जावं. कुमुदिनी प्रत्येक विषयाआधी तो प्रश्न मोठ्याने विचारू लागली. लोक कुरकुरले, मग सरावले. उपप्रमुख थीस ब्रोडरसेन याला तिने एकदा त्याच्या चुलतभावाच्या पार्किंगच्या जागेसाठी बाहेर पाठवलं होतं. तो बाहेर पावसात सिगारेट ओढत उभा राहिला आणि परत येऊन म्हणाला, "कुमू, तुझ्यामुळे मला न्यूमोनिया होईल, पण तुझं बरोबर आहे."

हार्के गेला त्याला आठ वर्षं झाली होती. त्यांना मूल नव्हतं.

गेशे तिच्या नात्यातली नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मिरजेहून तार आली होती की आई अत्यवस्थ आहे, आणि वादळामुळे तीन दिवस बोट सुटली नव्हती. चौथ्या दिवशी सुटली तेव्हा जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या तीन दिवसांत गेशे तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. धीर दिला नाही, देवाचं नाव घेतलं नाही. नुसती लोकर विणत बसली. संध्याकाळी म्हणाली, "तुझ्या भाषेत आईला काय म्हणतात?" कुमुदिनीने सांगितलं. गेशेने तो शब्द तोंडात घोळवून पाहिला आणि म्हणाली, "छोटा आहे. मला जमेल."

तेव्हापासून कुमुदिनी गेशेला आई म्हणू लागली. तिला त्यात काही नवल वाटलं नाही. मिरजेत तिच्या आईला एक मानलेला भाऊ होता, दवाखान्यातला कंपाउंडर. दर भाऊबीजेला तो यायचा, आणि कुमुदिनीला अंतरपाटापर्यंत मामा म्हणून त्यानेच आणून उभं केलं होतं. कुणी कधी कागद मागितला नव्हता. मानलं की झालं.

पण दोन वर्षांपूर्वी गेशेला मुख्य भूमीवरच्या रुग्णालयात न्यावं लागलं, आणि तिथे डॉक्टरांनी कुमुदिनीला विचारलं, आपण कोण? नातेवाईक नसल्याने तिला खोलीबाहेर थांबायला सांगितलं. गेशे बरी होऊन परतली ती एकच गोष्ट मनात धरून.

"हो, तुमच्याकडे मानलं की पुरतं," ती म्हणाली. "आमच्याकडे शिक्का लागतो. मी तुला दत्तक घेणार."

"आई, मी एकसष्ट वर्षांची आहे."

"मग उशीर नको करायला."

जर्मनीत मोठ्या माणसांनाही दत्तक घेता येतं. मुख्य भूमीवर, हुझुमच्या न्यायालयात, तरुण न्यायाधीशबाईंनी विचारलं, की इतकी वर्षं गेली, मग आताच का? गेशे म्हणाली, "आधी वेळ नव्हता. मेंढ्या होत्या." न्यायाधीशबाई हसल्या, आणि कुमुदिनीला बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन डोळे पुसावे लागले. परतीच्या बोटीत गेशेने तिला बजावलं, "बेटावर गाय व्याली तरी सगळ्यांना कळतं. ही एक गोष्ट आपल्या दोघींचीच राहू दे." ती राहिली. कुमुदिनीने फक्त शशिधरला सांगितलं होतं.

आता घरी पोचल्यावर, थालीपीठ तव्यावर टाकता टाकता, तिने त्याला उरलेलं सांगितलं, सभेतल्या चार-चार मतांचं आणि नात्याच्या त्या नियमाचं.

शशिधरने भाजणीच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाला, "आल्झो, म्हणजे हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"तुला, मला, तिला, आणि हुझुमच्या एका न्यायाधीशबाईंना."

"मग झालं तर! तू प्रश्न विचार, गप्प बस, हात वर कर, टेकाड वाचव. विषय संपला."

"मुलीने आईच्या घरासाठी मत द्यायचं नाही, असा कायदा आहे, शशी."

"ताई, तू काय कुणाचं खाते आहेस? एका म्हातारीला तिच्या घरात मरू द्यायचंय. तान्हं पोर आहे तिथे एक. ह्यात तुझा लाभ तो काय?"

"थीसला मी पार्किंगसाठी बाहेर काढलं होतं."

"पार्किंग आणि आई एकच?"

"प्रश्न एकच."

"तू जर्मन झालीस. पक्की, गेनाऊ, डोक्यापासून पायापर्यंत."

"आणि तू? रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर लाल दिव्यापुढे उभा राहतोस ते?"

"राहतो. पण माझ्या लाल दिव्याने कुणाचं घर बुडत नाही."

थालीपीठ करपल्याचा वास आला, तेव्हा तिने गॅस बंद केला. शशिधरने करपलेलंच आपल्या ताटात ओढून घेतलं आणि खाली मान घालून खाल्लं. थोड्या वेळाने तो हळू आवाजात म्हणाला, "ती बाई तुझ्यासाठी आली होती ना, बोट बंद होती तेव्हा. मी नव्हतो आलो. कुणीच नव्हतं आलेलं. म्हणून म्हणतो."

"मलाही तेच आठवतंय," ती म्हणाली. "सकाळपासून दुसरं काही आठवतच नाही."

सभेला अजून अवकाश होता. ती सायकल काढून पूर्वेकडे निघाली. आल्टवार्फ्टच्या चढावर नेहमी उतरावं लागायचं. आता ती बसूनच वर गेली, आणि टेकाड खरंच किती खचलंय हे गुडघ्यांना कळलं.

गेशे दारात बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होती. तिने वर न बघता शेजारचं स्टूल पायाने पुढे सरकवलं.

"आलीस. बरं झालं. हात वर करशील तेव्हा उजवा कर. डाव्या खांद्यात तुझ्या दुखतं, अर्धवट वर जातो, आणि थीसचे डोळे अधू. म्हणेल, मला दिसलाच नाही."

"आई, एक नियम आहे..."

"नियम त्या पुरुषांना सांग. मला माझ्या घराचं सांग. माती कुठून आणणार? पश्चिमेची चिकणमाती आणा, ती पाणी आत शिरू देत नाही. माझा बाप सांगायचा." गेशेने मूठभर शेंगा तिच्या ओंजळीत टाकल्या. "सोल. रिकाम्या हाताने बसू नये."

कुमुदिनी शेंगा सोलत राहिली. आपल्याला सभेबाहेर जावं लागेल हे सांगावं की नाही, हा प्रश्नच खोटा होता. कारण सांगितलं असतं तर गेशेने एका वाक्यात हुकूम दिला असता, आणि तो हुकूम सभेत जाऊन मोडणं तिला जमलं नसतं. आपण गप्प आहोत ते गेशेसाठी नाही, स्वतःला मोकळं ठेवण्यासाठी, हे तिला कळत होतं आणि त्याची लाज वाटत होती. शेंगा संपल्या. गेशेने पातेलं झाकलं आणि म्हणाली, "जा आता. सभा झाली की सरळ इकडे नको येऊस, दमशील. सकाळी ये. मी केक करते." कुमुदिनीने वाकून तिच्या पायांना हात लावला. गेशेला ही रीत जुनी ओळखीची होती, ती दरवेळी म्हणायची तेच म्हणाली, "माझे बूट चिखलाचे आहेत."

सभा अग्निशमन दलाच्या घरात भरायची. बंब बाहेर काढून उभा केला होता, आणि त्याच्या जागी टेबलं मांडून सारं बेट खुर्च्यांवर बसलं होतं. मोम्मेची बायको बाळाला खांद्यावर घेऊन मागे उभी होती. शशिधर भिंतीकडेला, परक्या लग्नात बसावं तसा, हात मांडीवर ठेवून बसला होता.

पहिले किरकोळ विषय झाले. मग कुमुदिनीने पान उलटलं. "विषय चौथा. आल्टवार्फ्टची उंची वाढवणे, आणि त्यासाठी बेटाचा हिस्सा." तिचा आवाज नेहमीसारखा होता. तिने चष्मा नीट केला आणि आपली रीत पाळली: "ह्या विषयात सभासदांपैकी कुणाचा स्वतःचा, किंवा नात्यातल्या कुणाचा, लाभ गुंतला आहे का?"

कुणी हललं नाही. थीसने घड्याळाकडे पाहिलं. एवढा प्रश्न विचारून झाला की ती दोन क्षण थांबायची आणि "नाही" अशी नोंद करायला सांगायची. सगळे त्या शब्दाची वाट पाहत होते. मागे बाळ कुरकुरलं, आणि त्याच्या आईने त्याला थोपटलं.

दोन क्षण गेले. कुमुदिनीला वाटलं, की आपण नुसतं ओठ मिटून बसलो तर जगात कुठेही पान हलणार नाही. पण त्या गप्प बसण्याचा अर्थ एकच होणार होता: गेशे माझी कुणी नाही. न्यायालयात जे मोठ्याने सांगितलं, ते इथे, जिथे ते खरं व्हायला हवं होतं, तिथे गिळून टाकायचं. तिने उजवा हात वर केला.

"कुमू?" थीस म्हणाला. "मतदान अजून व्हायचंय."

"माझं नातं गुंतलं आहे."

"कुणाशी? हार्केचं तर तिकडे कुणीच..."

"गेशे माझी आई आहे. कायद्याने."

कुणीतरी हसलं, आणि त्याचं हसू अर्ध्यावरच थांबलं. मोम्मेच्या बायकोने बाळ ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. थीस उठून तिच्या खुर्चीपाशी आला आणि वाकून, फक्त तिला ऐकू जाईल असं बोलला, "कशाला सांगितलंस? मी विचारलं नसतं."

"मी विचारलं होतं," ती म्हणाली.

तिने कागद त्याच्यासमोर सरकवले आणि उठली. थीस टेकाडाच्या विरुद्ध होता. बेटाचा पैसा मुख्य बांधावर लागावा, असं त्याचं मत होतं, आणि ते मत वेडगळ नव्हतं. आता तो जिंकणार होता. पण अध्यक्षाच्या खुर्चीत बसताना त्याचा चेहरा, चुकून दुसऱ्याचा कोट अंगात घातलेल्या माणसासारखा झाला होता.

बाहेरच्या बोळात जवानांचे जड कोट खुंट्यांना टांगलेले होते आणि त्यांखाली बुटांची रांग होती. कुमुदिनी बाकावर बसली. कोटांना धुराचा आणि रबराचा वास होता. आतले आवाज दारातून फुटून येत होते. शब्द कळत नव्हते, सूर कळत होते. इतकी वर्षं तिने माणसांना ह्या बाकावर पाठवलं होतं आणि इथे बसल्यावर काय वाटतं ते कधी विचारलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ती रुग्णालयात अशीच बसली होती. तेव्हा नातं नव्हतं म्हणून बाहेर. आता होतं म्हणून बाहेर. तिने डोळे मिटले. आत खुर्च्या सरकल्या, आणि मग एक अशी शांतता पडली की आता हात वर होत असणार हे तिला समजलं.

दार शशिधरने उघडलं. त्याच्या तोंडाकडे पाहून तिला विचारावं लागलं नाही. चार आणि चार. समसमान मतं पडली तर ठराव फेटाळला जातो.

दुपारचे सगळे टोमणे विरून गेले होते. त्याने तिचा स्वेटर पुढे केला आणि म्हणाला, "घाल, ताई. वारा सुटलाय."

"पाचवा विषय राहिलाय," ती म्हणाली, आणि आत जाऊन आपल्या खुर्चीत बसली. पाचवा विषय धक्क्यावरच्या दिव्याचा होता. तो एकमताने मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आल्टवार्फ्टवर गेली तेव्हा गेशे दारातच उभी होती. केकचा वास येत नव्हता.

"मोम्मे सांगून गेला," गेशे म्हणाली. "चार-चार."

"हो."

"तू बाहेर जाऊन बसलीस."

"हो."

"का?"

"तुझी मुलगी आहे म्हणून."

गेशेने तिच्याकडे पाहिलं. ती रागावली असती, ओरडली असती, तर कुमुदिनीने ते झेललं असतं. पण म्हातारीच्या डोळ्यांत नुसती थकून विझलेली ओळख होती, जणू दूरवरून येणाऱ्या माणसाला आपलं समजून हात हलवावा आणि जवळ आल्यावर तो दुसराच कुणी निघावा.

"मुलगी असतीस," ती म्हणाली, "तर हात खाली ठेवला असतास."

ती आत गेली. त्या घराला कडी होती हे कुमुदिनीला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. आता तिने ती लागल्याचा आवाज ऐकला.

ठराव फेटाळला गेला तरी त्यानंतरचं सगळं काम ब्युर्गरमाइस्टरिनचंच होतं, आणि कुमुदिनीने ते एकही गोष्ट न टाळता केलं. मोम्मेसाठी मुख्य वार्फ्टजवळ कुरण मिळवलं. तो मात्र वसंतात बायको, मूल आणि मेंढ्या घेऊन मुख्य भूमीवर कायमचा निघून गेला. जाताना त्याने तिचा हात हातात घेतला आणि सोडला. पलीकडच्या वर्तमानपत्राने तिच्यावर लेख लिहिला, तत्त्वनिष्ठ पुढारी म्हणून. शशिधरने हॅनोव्हरहून फोनवर तो वाचून दाखवायला सुरुवात केली, आणि ती म्हणाली, "पुरे रे." तो थांबला. मग म्हणाला, "ताई, त्या दिवशी मी जे बोललो ते..." "ते खरंच होतं," ती म्हणाली. "दोन्ही खरं होतं. म्हणून तर."

आल्टवार्फ्टची वीज तोडण्याच्या आदेशावर सही तिची होती. ती केल्यावर आठवड्याभराने तिने राजीनामा दिला. थीसने निरोपाचं भाषण केलं. बेटाच्या इतिहासातली पहिली स्त्री, शाळा, डॉक्टर, बोटीचं वेळापत्रक, असं सगळं त्याने क्रमाने सांगितलं, आणि आल्टवार्फ्टपाशी आल्यावर पाण्याचा ग्लास उचलून तो मोठा घोट प्यायला. त्याने ते वाक्य गाळलं. कुमुदिनी त्याची ऋणी राहिली.

गेशे मुख्य भूमीवरच्या वृद्धाश्रमात जायला तयार नव्हती. बेटावर दुसरी जागा नव्हती. म्हणून जूनमधल्या एका कोरड्या दुपारी ती ट्रॅक्टरमागच्या गाडीत बसून, एक पेटी आणि लोकरीची पिशवी घेऊन, कुमुदिनीच्या घरी आली. उंबऱ्यावर तिने आपले बूट काढून बाजूला ठेवले, पाहुण्याने ठेवावे तसे.

"फ्राउ ब्युर्गरमाइस्टरिन," ती म्हणाली, "माझी खोली कुठली?"

ती तिला आता तसंच म्हणायची, पद गेल्यावरही. अहो-जाहो करायची. मीठ द्या, फ्राउ ब्युर्गरमाइस्टरिन. दार लावून घ्या, फ्राउ ब्युर्गरमाइस्टरिन. त्यात टोमणा होता की सवय झाली होती, हे हळूहळू ओळखू येईना. कुमुदिनीने तिची औषधं सांभाळली, तिचे केस विंचरले, तिला आवडणारा मासा तळायला शिकली, जो ती स्वतः खात नव्हती. एका घरात दोन बायका एवढ्या सभ्यपणे राहत होत्या की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. कधी संध्याकाळी शशिधरचा फोन येई. तो विचारी, "बोलली का?" आणि कुमुदिनी म्हणे, "मीठ मागितलं."

नोव्हेंबरात पहिलं मोठं तुफान आलं. सकाळपासून वारा वायव्येचा होता, आणि दुपारी भरतीने कुरणं गिळली. बांध, रस्ते, कुंपणं एकेक करून नाहीशी झाली, आणि टेकाडावरच्या घराच्या चारी बाजूंना पाणी राहिलं. गेशे स्वयंपाकघरात पश्चिमेच्या भिंतीकडे तोंड करून विणत बसली होती. आल्यापासून ती पूर्वेच्या खिडकीकडे पाठ करूनच बसायची.

"फ्राउ ब्युर्गरमाइस्टरिन," ती अचानक म्हणाली, "ही खुर्ची तिकडे फिरवा."

कुमुदिनीने खुर्ची फिरवली. दूर, पाण्याच्या रेषेवर, आल्टवार्फ्टचं टेकाड दिसत होतं. घरांची छपरं उन्हाळ्यातच उतरवली होती. भिंती होत्या, आणि भिंतींतून पलीकडचं आभाळ दिसत होतं. लाटा चढावर आपटून पांढऱ्या होत होत्या, आणि दरवेळी जरा वर येत होत्या.

"मी आता ब्युर्गरमाइस्टरिन नाही," कुमुदिनी म्हणाली. इतक्या महिन्यांत ती हे पहिल्यांदाच बोलली होती.

गेशेने मान वळवली नाही. तिच्या मांडीवरची लोकर घरंगळून खाली पडली, आणि तिने ती पडू दिली.

"मग कोण आहेस तू?" तिने विचारलं.

कुमुदिनीने तोंड उघडलं. मंत्र्यांनी, वकिलांनी, रागावलेल्या कोळ्यांनी विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाने ती कधी अडली नव्हती. ह्याही प्रश्नाचं उत्तर तिच्यापाशी होतं, शिक्क्यासकट होतं. पण ते तिने देण्याचं नव्हतं, गेशेने देण्याचं होतं. एकदा ते तिने सभेत दिलं होतं, आणि त्याची किंमत समोर पाण्यात उभी होती. तिने खाली वाकून लोकर उचलली आणि गेशेच्या हातात ठेवली. म्हातारीची बोटं गार होती. तिने लोकर घेतली, तो हात बाजूला सारला नाही, आणि धरलाही नाही.

बाहेर पाणी आल्टवार्फ्टच्या चढाच्या अर्ध्यावर आलं होतं. कुमुदिनी खुर्चीशेजारी उभी राहिली, आणि दोघी उजेड होता तोवर तिकडे बघत राहिल्या.